कोन्याचं मेवलाना संग्रहालय एका तासात बघून होईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: तुर्कीच्या सहलीत कोन्याला एकच तास थांबा आहे. मेवलाना संग्रहालय हा दर्गा आहे की संग्रहालय, आणि एवढ्या वेळात काय बघावं?

तासाभरात सूफी संतकवी रूमींची कबर बघून होते. पण ज्या घरात ती कबर आहे, ते घर बघायचं राहून जातं. मी पहिल्या खेपेला नेमकं तेच केलं. हिरवा घुमट, कबर, दोनचार जुन्या पोथ्या बघितल्या आणि बसमध्ये जाऊन बसलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा अख्खी सकाळ तिथे होतो, म्हणून सांगतो: सहलवाल्यांशी बोला आणि निदान अडीच तास मागून घ्या.

दर्गा की संग्रहालय, याचं उत्तर म्हणजे दोन्ही. तुर्कीत अशा जागेला 'तेक्के' म्हणतात. आपल्याकडे गावाबाहेर फकिराचा 'तकिया' असतो ना, तोच शब्द. दर्वेशांनी, म्हणजे सूफी फकिरांनी, एकत्र राहायचं, शिकायचं, खायचं, जिकिर म्हणजे देवाचं नामस्मरण करायचं, ती जागा. मौलाना जलालुद्दीन रूमी (तुर्कीत मेवलाना) १७ डिसेंबर १२७३ रोजी कोन्यात वारले आणि वडिलांशेजारी त्यांना पुरलं. त्या कबरीभोवती मेवलेवी पंथाचं, म्हणजे रूमींच्या अनुयायी दर्वेशांचं, मूळ पीठ उभं राहिलं. १९२५ साली तुर्की प्रजासत्ताकाने कायदा करून देशातले सगळे तेक्के बंद केले. शेख, दर्वेश या पदव्याही गेल्या. ही वास्तू मात्र १९२७ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली, म्हणूनच ती शाबूत राहिली. आत गेलात की पायांत प्लास्टिकचे मोजे चढवायचे, काचेच्या कपाटांपुढून सरकायचं. पण त्याच गर्दीत म्हाताऱ्या बायका कबरीसमोर ओंजळ उघडून पुटपुटत उभ्या असतात.

कबरींपाशी एक गोष्ट नीट बघा. रूमींच्या वडिलांच्या, बहाउद्दीन वलद यांच्या कबरीवर कोरीव लाकडाची एक उंच पेटी आहे. लोक सांगतात, मुलाला शेजारी आणलं तेव्हा बाप आदराने उठून उभा राहिला. खरं तर ती पेटी रूमींच्याच कबरीसाठी घडवलेली. सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानने रूमींसाठी संगमरवरी पेटी करवली, तेव्हा जुनी वडिलांवर हलवली. दोन्ही हकिकती कळल्या तरी तिथे उभं राहिल्यावर मला लोकांचीच आठवते.

आता मुख्य सांगायचं ते स्वयंपाकघराचं. अंगणाच्या कोपऱ्यात आहे, बहुतेक सहली तिथे डोकावून परततात. नाव 'मतबख'. पेशव्यांच्या कागदांतला आपला मुदपाकखाना याच शब्दातून आला. दर्वेश घडायचा तो इथे. नव्याने आलेला मुलगा आधी तीन दिवस दाराजवळ मेंढीच्या कातड्यावर गुडघे टेकून गप्प बसायचा आणि बाकीचे काय करतात ते बघायचा. निभावलं तर पुढे १००१ दिवस सेवा. बाजारहाट, भांडी, अंथरुणं, दिवे, संडास धुणं, अशी अठरा प्रकारची कामं. मध्येच सोडून गेला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दिवस पुरे झाले की 'देदे' ही पदवी आणि अंगणाकडेच्या घुमटीवजा खोल्यांपैकी एक खोली. या खोल्या सुलतान मुराद तिसरा याने १५८४ मध्ये बांधल्या. आता तिथे वस्तू मांडल्यात.

स्वयंपाकघरात पुतळे ठेवलेत, चुलीशी उभे असलेले, ताटाभोवती बसलेले. तिथे समा, म्हणजे दर्वेशांचा गिरक्यांचा नाच, शिकायची फळीही बघायला मिळते. जेमतेम चौरंगाएवढी, मधोमध खिळा. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये तो खिळा धरायचा, फळीवर मीठ भुरभुरायचं आणि उजव्या पायाने रेटा देत गिरकी घ्यायची. डावा पाय जागचा हलता कामा नये, त्याला खांबच म्हणतात. मी त्या फळीपाशी बराच वेळ उभा होतो. पांढऱ्या घेरदार झग्यातला तो तरंगता नाच आपण बघतो, त्याच्याखाली मिठाने चुरचुरणारा पाय आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मेवलेवी लोक दिवा 'विझव' म्हणत नसत, 'दिव्याला विश्रांती दे' म्हणत. लावायचा असेल तर 'जागा कर'. हे कळलं तेव्हा मला एकदम घर आठवलं. आजी दिवा 'शांत कर' म्हणायची, आणि बांगडी फुटली तर ती 'वाढली'.

एक लक्षात ठेवा, जुन्या समाखान्यात आता समा होत नाही. तो थोड्या अंतरावरच्या मेवलाना सांस्कृतिक केंद्रात होतो, बहुधा शनिवारी संध्याकाळी. डिसेंबरात रूमींच्या पुण्यतिथीचा सोहळा असतो. तिला ते 'शेबी अरूस', म्हणजे लग्नाची रात्र म्हणतात. तेव्हा जाणार असाल तर हॉटेल फार आधी धरा.

आणि वेळ उरलाच तर मेराम भागात आतेशबाझ वेलींच्या कबरीवर जाऊन या. हे रूमींचे आचारी. आचाऱ्याचीही कबर लोकांनी सातशे वर्षं जपली आहे. तिथे मीठ ठेवलेलं असतं. लोक येताना मीठ आणतात आणि जाताना चिमूटभर घरच्या डब्यात टाकायला घेऊन जातात. मीही आणलं होतं.