सीलचं पिल्लू चारच दिवस आईचं दूध पितं, हे खरं का? मग ते जगतं कसं?

खरं आहे, पण सगळ्या सीलचं नाही. तुम्ही वाचलंत ते हुडेड सीलबद्दल असणार. मी नागपूरचा गुरांचा डॉक्टर. सील हा समुद्रातला प्राणी, तो काही कधी माझ्यासमोर आला नाही, पण दूध आणि वासरं हा रोजचाच धंदा आहे.

आमच्याकडं डेअरीवर म्हशीच्या दुधाला 7 फॅट (शेकडा 7 भाग चरबी) लागली की गडी खुशीत घरी जातो. हुडेड सीलच्या दुधाची फॅट 60 च्या आसपास! घट्ट सायसुद्धा त्यापुढं पातळ. साखर मात्र जवळजवळ नाहीच. त्यामुळे जन्मताना पंचवीसेक किलोचं पिल्लू दिवसाला 7 किलोपर्यंत वाढतं आणि चार दिवसांत दुपटीला येतं. रेडकू दिवसाला अर्धा किलो वाढलं तरी मालक चारचौघांत सांगत फिरतो, बाप्पा.

एवढी घाई बर्फापायी. ही पिल्लं मार्चमध्ये उत्तर अटलांटिकच्या वाहत्या बर्फावर जन्मतात. पायाखालचा तुकडा कधी फुटेल याचा नेम नाही. दूध उतरतं ते आईच्या अंगावरच्या चरबीतून, आणि चौथ्या दिवसानंतर ती निघून जाते.

मग जगतं कसं? प्यालेल्या दुधातलं बरंचसं कातडीखाली चरबी होऊन बसलेलं असतं. तीच ऊब, तीच शिदोरी. पोहणं, मासे धरणं पिल्लू आपलं आपणच शिकतं. कॅलिफोर्नियातल्या आन्यो नुएव्हो इथले एलिफंट सीलची पिल्लं अंगावर पितात सुमारे चार आठवडे. चाळीसेक किलोचं पिल्लू तेवढ्यात 130 च्या आसपास जातं. पुढचे दोनेक महिने किनाऱ्यावर उपाशी. काही लबाड पिल्लं दुसऱ्या पिल्लाच्या आईचंही चोरून पितात. सापडली तर चावा बसतो.

फर सीलचं निराळंच. अंटार्क्टिकच्या फर सीलची आई चारेक महिने पाजते, पण मधूनमधून दिवसेंदिवस समुद्रात चरायला जाते. परतली की हाक मारते, आणि एवढ्या कल्लोळात आपलं पिल्लू आवाजावरून अन् वासावरून ओळखते. परकं आलं तर हुसकावून लावते. आमची म्हैस तरी वेगळं काय करते? दुसरीचं रेडकू लावून पाहा, हुंगेल, लाथ मारेल आणि पान्हा चोरेल.