आण्याच्या रेघा, स्टोव्हची पिन आणि पाटीचा ओशटपणा

गेल्या वेळी आम्ही १९५०-६०च्या घरांतल्या रोजच्या वस्तूंबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. ज्यांची उत्तरं आज कुठे पटकन सापडत नाहीत असे चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आजोबांची घरखर्चाची वही मिळाली. एका ओळीत ३ या आकड्यापुढे एक उभी रेघ आणि तिच्यापुढे तीन तिरक्या बारीक रेघा आहेत. ही रक्कम किती? वहीवर साल नाही, ते कसं ओळखावं?

रक्कम तीन रुपये सात आणे. उभी रेघ म्हणजे रुपयाचा चौथा हिस्सा, म्हणजे पावली, चार आणे. दोन उभ्या रेघा आठ आणे, तीन उभ्या बारा आणे. तिरकी रेघ (काहींच्या हातची ती जवळजवळ आडवीच असते) म्हणजे एक आणा. चौथ्या आण्याला पुन्हा उभी रेघ येते, त्यामुळे पंधरा आण्यांपर्यंतची कोणतीही रक्कम जास्तीत जास्त सहा रेघांत मावते. आजही काही जण साडेतीन हे ३॥ असं लिहितात, ती याच पद्धतीची खूण.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. ही संख्या पाव, निम्मा, पाऊण यांना बिनबोभाट भागली जाते. म्हणूनच शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी (साडेतीनचा पाढा) घोकून घेत. आज ते नुसतं पाठांतर वाटतं, पण वाण्याच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या पोराला तेच कामी येई. साडेतीन शेर जिन्नस, भाव शेराला सहा आणे : सहा औटे एकवीस, म्हणजे २१ आणे, म्हणजे एक रुपया पाच आणे. कागद नाही, पेन्सिल नाही. पाऊण शेर, भाव बारा आणे : नऊ आणे. जुन्या वहीतली बेरीज तपासायची असेल तर हे पाढे हाताशी ठेवा, दशांशात उतरवत बसू नका.

साल ओळखण्याची युक्ती मात्र चांगली आहे. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. मेट्रिक वजनं त्यानंतर, ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्यानं आली. तेव्हा वहीत नवे पैसे असतील पण जिन्नस शेरात असेल, तर ती वही बहुधा या दोन बदलांच्या मधल्या काळातली किंवा त्याच्या जरा पुढची. ‘नवे’ हा शब्द १ जून १९६४पासून गळला. उलट नुसते आणे दिसले म्हणून वही १९५७च्या आधीचीच असं धरू नका. जुनी नाणी पुढेही काही काळ चालत होती आणि लोकांच्या तोंडून आणा जायला तर कितीतरी वर्षं लागली.

त्याच वहीत पुढे कुठे पैशापैशाची तफावत दिसली तर आजोबांची चूक समजू नका. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडायचा आणि जास्त असेल तर पुढचा पैसा धरायचा, असा नियम होता. त्यामुळे एका आण्याचे ६, चवलीचे (दोन आण्यांचे) १२, तीन आण्यांचे १९ आणि पावलीचे २५. पोरानं पावली एकदम मोडली तर २५ नवे पैसे, पण एकेक आणा करत चार वेळा मोडला तर २४. त्या एका पैशापायी घराघरांत मुलांची चौकशी झाली असणार.

शेवटचं एक : वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम, आणि ४० शेरांचा मण सुमारे ३७.३ किलो. पण धान्य बरेचदा मापानं घेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मापाचा शेर वजनाला धान्याप्रमाणे बदलतो आणि गावोगावची मापंही सारखी नसत. म्हणून ओळीत पायली किंवा मापटं दिसलं तर त्याचे किलो करू नका.

प्रश्न : घरात जुना पितळी पंपाचा स्टोव्ह आहे. नातवंडांना पेटवून दाखवायचा आहे, पण दर वेळी पिवळा भडका उठतो आणि भांडं काळं होतं. काय चुकतं?

बहुतेक वेळा बर्नर पुरेसा तापलेला नसतो. हा स्टोव्ह पातळ रॉकेलवर नाही, रॉकेलच्या वाफेवर जळतो. तापलेल्या बर्नरमधून जाताना रॉकेलची वाफ होते, ती निपलच्या केसाएवढ्या बारीक भोकातून जोरात बाहेर पडते, हवेत मिसळते आणि निळी जळते. बर्नर गार असला की त्याच भोकातून रॉकेलची धार उडते. तुमचा भडका तो हाच.

आधी गार स्टोव्ह तपासा. टाकी पाऊणच भरा, वर हवेला जागा हवी. चावी (टाकीतली हवा सोडायची) बंद करून दोन-तीन हलके पंप मारा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. कुठेही बुडबुडा आला तर तो स्टोव्ह पेटवू नका, फडताळात शोभेला ठेवा. पितळेचे जुने डाग, म्हणजे झाळलेले सांधे, सुटलेले असतात आणि त्यात धाडस करण्यासारखं काही नाही.

टाकी धड असेल तर स्टोव्ह अंगणात न्या, चावी उघडी ठेवा. बर्नरखालच्या वाटीत चहाचे दोन चमचे स्पिरिट घाला किंवा स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा बर्नरला अडकवा आणि पेटवा. ज्वाळा विझत आली, म्हणजे साधारण दीड-दोन मिनिटं झाली, की चावी बंद करून सावकाश पाच-सहा पंप. फरफर असा एकसारखा आवाज आला आणि ज्योत निळी झाली की मग आणखी हवा भरा. पिवळी झाली तर पंप वाढवू नका. लगेच चावी सोडा, सगळं गार होऊ द्या, पुन्हा पहिल्यापासून. गरम बर्नरवर बाटलीनं स्पिरिट ओतणं आणि पेटत्या स्टोव्हच्या टाकीचं झाकण उघडणं, या दोन गोष्टी कधीही करायच्या नाहीत. पेट्रोलचा तर थेंबही नको.

बर्नर नीट तापूनही ज्योत एका बाजूला पडत असेल तर निपलमध्ये कचरा आहे. त्यासाठी पिन असे : पत्र्याच्या चिंचोळ्या पट्टीच्या टोकाला काटकोनात बसवलेली केसासारखी तार. वाण्याकडून पिन आणायचं काम मुलांचं. स्टोव्ह विझवून पिन सरळ वरून घालायची आणि सरळच काढायची. तिरकी घातली तर तार आत मोडते. शिवणाची सुई घातली तर भोक मोठं होतं, मग रॉकेल जास्त येतं आणि ज्योत कायमची पिवळी. यावर उपाय एकच, निपल बदलणं.

पंपाला दाब लागत नसेल तर आतलं चामड्याचं वॉशर सुकलंय. दांडा काढून त्यावर गोड्या तेलाचे दोन-तीन थेंब टाका, वाटी बोटानं फुलवा, बसवा. दांडा आपोआप वर येत असेल तर मात्र पंपाच्या तळाची झडप गळते. ती कारागिराकडेच न्यावी.

प्रश्न : आईची लाकडी चौकटीची दगडी पाटी आहे. पेन्सिल घसरते, अक्षर उमटत नाही. पेन्सिल वाईट की पाटी?

पाटीच. ती ओशट झाली आहे. डोक्याचं तेल लागलेले हात वर्षानुवर्षं फिरले की दगडावर तुपकट थर बसतो आणि पेन्सिल त्यावरून सरकते. चुलीची राख किंवा शिकेकाई ओल्या फडक्यावर घेऊन चोळा, धुवा, पूर्ण वाळवा. मग लाकडी कोळशाची पूड आणि मूठभर हिरवा पाला एकत्र चुरडून पाटीवर घोटा आणि पुन्हा धुवा. पाटी काळीभोर दिसते, अक्षर उठून दिसतं. शाळकरी मुलं हे सुट्टीच्या दिवशी करत. ओल्या पाटीवर लिहिलेलं अक्षर फिकं दिसतं, वाळल्यावर ते पांढरं होतं, म्हणून घाईनं पाटी हवेत हलवायची सवय. पेन्सिलीत खडा असेल तर ओरखडा राहतो. तो कशानंही जात नाही. पाटी चिरली आहे का ते बोटाच्या पेरानं वाजवून पाहा : धड पाटी खणखणते, चिरलेली बद्द वाजते.

प्रश्न : मुलासाठी लाकडी भोवरा आणला. फिरतो, पण थडथडत एका जागी राहत नाही.

आर, म्हणजे भोवऱ्याचा खिळा, मधोमध नाही. भोवरा हातात उलटा धरून वरून पाहा, आरेचं टोक मध्यरेषेत दिसायला हवं. नसेल तर पक्कडीनं आर काढून भोकात लाकडाची चिपाटी ठोका आणि आर सरळ बसवा. फार लांब आर भोवरा लवकर पाडते, फार आखूड असली तर पोट जमिनीला घासतं. टोक अगदी अणकुचीदार असेल तर मातीत रुततं, दगडावर घासून ते किंचित गोल करा. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, सुती, दीडेक मीटर. तिचं पहिलं टोक ओलं करून आरेपासून वर, वेढ्यावर वेढा न चढवता घट्ट गुंडाळायची. दुसऱ्या टोकाची गाठ दोन बोटांच्या बेचक्यात. हे नीट जमलं की मगच हातजाळी, म्हणजे भोवरा हवेतच हातावर झेलणं, शिकवा.