दोन व्हॅन, चौदा माणसं आणि एक स्लो कुकर

या महिन्यात कॅम्परव्हॅन (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) आणि स्लो कुकर (तासन्‌तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं) यांवर इतके प्रश्न आलेत की लोणची आणि दिवाळीच्या फराळाचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न: ताई, आम्ही सोसायटीतल्या पाच फॅमिली मिळून दोन कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन भंडारदऱ्याला दोन रात्री जातोय, मोठी दहा आणि पोरं चार. नणंदेने अमेरिकेहून सहा लिटरचा स्लो कुकर आणलाय तो खोक्यात तसाच पडून आहे. तो न्यावा म्हणते, म्हणजे दरवेळेसारखं आम्ही बायका गॅसपाशी आणि बाकीचे धरणावर फोटो काढतायत असं नको. काय काय करता येईल? (कोथरूड)

उत्तर: न्या की, पण आधी तो उलटा करून खालचं लेबल वाचा. तिथे १२० व्होल्ट लिहिलेलं असणार, आपल्याकडे २३० येतात, आणि नुसता पिन बदलणारा ॲडॉप्टर लावून चालू केलात तर व्होल्टेज दुप्पट म्हणजे कॉइल जवळपास चौपट तापणार, आणि कुकर तुमच्या किचनच्या ओट्यावरच संपला समजा. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, २५० वॅटच्या कुकरला ५०० वॅटचा घ्यावा, तपकीर गल्लीत विचारून बघा. पण तो बराच जड असतो आणि व्हॅनमध्ये आधीच जागेची मारामारी, त्यामुळे मला विचाराल तर इथला २३० व्होल्टचा कुकरच कुणाकडून तरी मागून न्या, नणंदेला कळणार नाही.

दुसरं म्हणजे वीज. व्हॅनवाला "इन्व्हर्टर आहे मॅडम, सगळं चालतं" म्हणेल, त्याला बॅटरी किती अँपिअर-अवरची ते विचारा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॅट-अवर, त्यात साधी लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरायची असते, आणि कुकर २०० वॅट धरला तरी आठ तासांचे १६०० होतात. म्हणजे रात्री पंखा बंद, दिवे बंद आणि वर मटण अर्धकच्चं. म्हणून जिथे गाडी लावणार तिथे प्लग पॉइंट आणि अर्थिंग आहे का हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या, आणि नसेल तर कुकर घरीच ठेवा, गॅसवर करा, उगाच हट्ट नको.

आता जेवण. चौदा माणसांचा सगळा स्वयंपाक त्यात होणार नाही, एक मुख्य पदार्थ होईल. भांडं दोन तृतीयांश भरायचं, म्हणजे चार लिटर, म्हणजे माणशी पावणेतीनशे मिलीच्या वर रस्सा, बरोबर भाकरी, कांदा आणि ठेचा असेल तर भरपूर झालं. पहिल्या रात्री मटण करा (सगळे खात असतील तर, नाहीतर चवळी-बटाट्याचा तसाच रस्सा). कांदा-खोबऱ्याचं वाटण पुण्यातूनच करून डब्यात न्या, मटण मात्र कच्चंच न्या, आइसबॉक्समध्ये बर्फाच्या मध्ये ठेवून. खूप जणी "घरी अर्धं शिजवून नेते" म्हणतात ते करू नका, संगमनेर-अकोल्याच्या रस्त्याने चार-पाच तास कोमट राहिलेलं मटण म्हणजे जंतूंना आमंत्रण, ५ ते ६० डिग्रीच्या मधे ते फार झपाट्याने वाढतात. तिथे पोचल्यावर गॅसवर वाटण तेल सुटेपर्यंत परता, त्यात मटण परता, एक सणसणीत उकळी आणा आणि मग कुकरमध्ये ओता. हे पंधरा-वीस मिनिटांचं काम टाळलंत तर रस्सा फिक्का लागतो, कारण स्लो कुकर शिजवतो पण परतत नाही. पाणी घरच्यापेक्षा कमीच घाला, वाफ बाहेर जात नाही. तीनला पोचलात तर बटण 'हाय'वर (जास्त आच) लावा, आठपर्यंत होईल. 'लो'वर (कमी आच) लावाल तर रात्रीचे अकरा वाजतील आणि पोरं मॅगी खाऊन झोपलेली असतील.

आणि झाकण उघडायचं नाही! एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं जातात, आणि पाच घरची माणसं एकेक करून "बघू तरी काय वास सुटलाय" म्हणत येणारच. फोटो काढणाऱ्यांपैकी एकाला तिथे राखणीला बसवा.

दुसऱ्या रात्रीचं म्हणाल तर खरी मजा रात्रभर लावण्यात आहे. पांढरे वाटाणे सकाळपासून भिजवा, झोपायच्या आधी गॅसवर उकळी आणून हळद-हिंग घालून लोवर लावा, सकाळी मऊसूत उसळ तयार. तर्री तेवढी गॅसवर दहा मिनिटांत करा, फरसाण आणि पाव पुण्यातून नेलेले असतीलच, चौदा जणांची मिसळ झाली. मटकी नको, मोड आलेली मटकी रात्रभरात पार गळून जाते. टोमॅटो, चिंच, आमसूल जे काय आंबट असेल ते शेवटी, आधी घातलं तर वाटाणे काय नि डाळ काय, लवकर मऊच होत नाही.

भाकऱ्या तिथे थापत बसू नका, तिथल्या गावात कुणी करून देतं का बघा, नाहीतर दुधात भिजवलेल्या दशम्या न्या, दोन दिवस आरामात टिकतात.

प्रश्न: मागच्या ट्रिपला आम्ही रात्री स्लो कुकरला राजमा लावला होता, दुपारी जेवलो आणि दोन तासांत सात जणांना उलट्या सुरू. राजमा खराब होता का पाणी? (औंध)

उत्तर: लांबून खात्रीने सांगता येणार नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून माझा संशय राजमा नीट न शिजल्यावरच आहे. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक लेक्टिन (त्रास देणारं प्रथिन) असतं, ते नुसत्या मंद आचेवर मरत नाही, उलट ८० डिग्रीच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो, आणि कित्येक स्लो कुकर लोवर बराच वेळ तेवढ्यातच घुटमळतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब, असं होतं आणि बहुतेकांना काही तासांत बरं वाटतं. उपाय सोपा आहे, राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात खळखळून उकळा (दहा मिनिटं तरी हवीतच, मी अर्धा तास सांगते) आणि मगच स्लो कुकरमध्ये टाका. त्याहून सोपं म्हणजे घरून निघताना प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजवा, गार करून आइसबॉक्समध्ये न्या आणि तिथे गॅसवर चांगला उकळा. गार अन्न गरम करायलाही स्लो कुकर वापरायचा नाही, फार हळू तापतो. चवळी, हरभरा, मूग यांचं एवढं भय नाही.

प्रश्न: मुलाकडे अमेरिकेत चाललेय. जुलैमध्ये त्याच्या मित्रांच्या फॅमिलीबरोबर आरव्हीने (तिकडची मोठी कॅम्परव्हॅन) यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं ठरलंय, दहा माणसं. चातुर्मास असेल, आम्ही दोघं कांदा-लसूण खात नाही. मुलगा म्हणतो "आई, स्लो कुकर आहे, काळजी करू नकोस". करू का नको? (सहकारनगर)

उत्तर: थोडी करा. तिकडच्या कुकरला तिकडच्याच व्होल्टेजवर काही अडचण नाही, आणि ३० अँपिअरचं हुकअप (गाडी लावायच्या जागी मिळणारी वीजजोडणी) असेल तर एकूण ३६०० वॅट मिळतात, त्यात एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले नाहीत तर स्लो कुकर कुठल्या कुठे चालून जातो. पण मुलाला विचारा जागा कुठली बुक केलीये. यलोस्टोनच्या आतल्या कॅम्पग्राउंडपैकी विजेचं हुकअप फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कला आहे, बाकी ठिकाणी फार तर जनरेटर, आणि तोही रात्री लावू देत नाहीत. म्हणजे रात्रभराचा बेत तिथे बाद.

दुसरं, अस्वलं! मी गंमत करत नाहीये. शिजत असलेला कुकर बाहेरच्या टेबलावर ठेवून फिरायला जायचं नाही, तिथे नियमच आहे, अन्न, आइसबॉक्स, भांडी काहीही बाहेर उघडं सोडायचं नाही, सगळं गाडीत बंद. आणि तो भाग समुद्रसपाटीपासून साधारण २३५० मीटर उंच आहे, पाणी ९२ डिग्रीलाच उकळतं, त्यामुळे तूरडाळ तुम्हाला रडवेल. मूगडाळ न्या, आलं-जिरं-हिरवी मिरची घालून तिची आमटी, वरून तूप-हिंगाची फोडणी, कांद्याची आठवणसुद्धा येणार नाही. दुधी घालून चणाडाळ करायची तर डाळ रात्रभर भिजवा.

पण माझं ऐकाल तर गव्हाची खीर करा. भिजवलेला गव्हाचा रवा-दलिया सकाळी चिमूटभर मीठ घालून लावला की संध्याकाळपर्यंत असा काही मऊ होतो की घरी गॅसवर ढवळत बसून होत नाही. गूळ मात्र दलिया शिजल्यावरच, आधी घातला की दाणा ताठ राहतो, आणि दुधाऐवजी नारळाचं दूध घ्या म्हणजे गुळाने फाटायची भीती नाही. मित्रांची पोरं पास्ता सोडून हेच खातील.

गाडी चालू असताना कुकर लावायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. काचेचं झाकण, दोन-अडीच किलोचं सिरॅमिक भांडं आणि उकळती आमटी, एका ब्रेकला सगळं अंगावर.

प्रश्न: प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटांत होतं त्याला आठ तास कशाला घालवायचे? हे नवीन फॅड कुणी काढलं? (सदाशिव पेठ)

उत्तर: काका, फॅड तसं जुनं आहे. शिकागोचे अर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० साली मिळालं, त्यांची आई लिथुआनियातल्या गावची आठवण सांगायची, सब्बाथला (ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) चूल पेटवायची नाही म्हणून आदल्या संध्याकाळी कडधान्याचं भांडं बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवून यायचे. आपल्या आज्या चुलीच्या वैलावर आमटी ठेवायच्या तसंच. पुढे १९७१ मध्ये तेच यंत्र क्रॉक-पॉट नावाने अमेरिकेत विकायला आलं. डाळ-भातासाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, प्रेशर कुकरला तोड नाही, व्हॅनमध्ये तोही न्यावाच. पण चौदातली सहा जणं ट्रेकहून पाचला येतात, चार जणं सातला आणि उरलेली वाट चुकून नऊला, तेव्हा प्रत्येकाला गरम वाढायला कुणीतरी गॅसपाशी उभं राहावं लागतं, आणि ते कोण राहतं ते कोथरूडच्या ताईंना विचारा.

प्रश्न: स्लो कुकरमध्ये मसालेभात होतो का? (वारजे)

उत्तर: होतो, पण त्याला खिचडी म्हणावं लागतं.