जर्मनीला यायचंय? ऑपॉर्च्युनिटी कार्ड की ब्लू कार्ड

तुझा प्रश्न असा की मेकॅनिकलची डिग्री, वय 31, चाकणला सहा वर्षं नोकरी, आणि एजंट म्हणतोय तीन लाख द्या, ऑपॉर्च्युनिटी कार्डवर (म्हणजे तिथे जाऊन नोकरी शोधायच्या व्हिसावर) जर्मनीला पाठवतो. मी स्टुटगार्टजवळ याच लाईनमध्ये आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एजंटला दमडी देऊ नकोस. अर्ज जर्मन सरकारच्या कॉन्सुलर पोर्टल या साईटवर स्वतः भरता येतो, व्हिसा फी 75 युरो. आणि कार्डाला लागणारे 6 पॉइंट तर तुझे बसल्या जागी होतायत, 35 च्या आत म्हणून 2, सात वर्षांत पाचपेक्षा जास्त अनुभव म्हणून 3, इंजिनियर तुटवड्याच्या यादीत आहेत म्हणून 1. शिवाय जर्मन ए1 किंवा इंग्लिश बी2 लागतं (भाषेच्या पातळ्या या, ए1 सगळ्यात खालची, मग ए2, बी1, बी2 अशा वर). पण पॉइंट झाले म्हणजे नोकरी लागली असं नाही ना! वर्षभराची मुदत, नोकरी आपली आपण शोधायची, तोवर आठवड्याला 20 तासच काम, आणि ब्लॉक्ड अकाउंटला (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी भरायचे, मग दरमहा थोडेच काढता येतात असं खातं) 2025 च्या हिशोबाने महिना 1,091 युरो म्हणजे वर्षाचे 13 हजारांच्या वर आधीच भरून ठेवायचे. त्यात इकडे ऑटोमोबाईलवाले सध्या माणसं कमी करतायत.

म्हणून माझं मत, तिथूनच नोकरी मिळव आणि ब्लू कार्डवर ये, म्हणजे डिग्रीवाल्यांना नोकरीची ऑफर हातात असताना मिळणाऱ्या परवान्यावर. इंजिनियरला 2025 ची पगाराची अट वर्षाला 43,759.80 युरो होती, दर जानेवारीत बदलते, ऑफर घेताना नवीन आकडा बघ. बी1 जर्मन असेल तर 21 महिन्यांत पीआर, ए1 वर 27. बायकोला ए1 ची सक्ती नाही आणि आल्या आल्या काम करता येतं. ऑपॉर्च्युनिटी कार्डवर आलास तर कुटुंब लगेच आणायचं डोक्यातून काढ.

आज रात्रीच परदेशी डिग्र्यांची माहिती देणाऱ्या अनाबिन नावाच्या जर्मन साईटवर तुझं विद्यापीठ एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का आणि डिग्री पण यादीत आहे का दोन्ही बघून प्रिंट काढून ठेव. नसेल तर झेडएबी या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या जर्मन सरकारी कार्यालयाकडून सर्टिफिकेट काढावं लागतं, 208 युरो.

आणि जर्मन बी1 पर्यंत तरी कर, पुण्यात बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनला किंवा कुठेही. मॅनेजर इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये घेतो रे, पण खाली शॉप फ्लोअरवरचा माइस्टर (फोरमन) अस्सल श्वाबियन, म्हणजे इकडची बोली जर्मन बोलतो, ड्रॉइंगवरच्या नोट्स जर्मनमध्ये, आणि मोठी नावं सोडून ज्या खेड्यापाड्यातल्या मध्यम कंपन्या आहेत ना, मशीन टूल्स, पंप, पॅकेजिंग मशीनवाल्या, तिथे जर्मनशिवाय दारात उभं करत नाहीत. तुझे अर्ज तिकडेच जायला हवेत.

बायको शिक्षिका आहे म्हणालास, तर इथे सरकारी शाळेत शिकवायला तिची पदवी मान्य करून घ्यावी लागेल आणि जर्मन तुझ्यापेक्षा कितीतरी वरचं लागेल, त्यामुळे क्लासला दोघांनी एकदमच नाव घाला.