पाळी जाण्याच्या वयातले वाढते पोट आणि वजनकाटा

ताई, तुमचे वय ४८, दीड वर्षापासून पाळी अनियमित, रोज पाऊण तास चालणे, जेवण पूर्वीइतकेच, थायरॉइडचा अहवाल व्यवस्थित आणि तरीही पोटाचा घेर वाढत चाललेला, असे तुम्ही लिहिले आहे. ‘हे हार्मोन्सचे आहे, आता काही उपाय नाही’ असे तुम्हाला सांगितले गेले, हे वाचून मला फार वाईट वाटले. नऊ वर्षांपूर्वी मलाही हेच ऐकवले गेले होते आणि त्या एका वाक्यापायी माझी दोन वर्षे वाया गेली.

चाळिशीत चयापचय मंदावते, असे आपण धरूनच चालतो. पण २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतील ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचे आकारमान लक्षात घेऊन हिशेब केल्यावर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात दिसले. इस्ट्रोजेन हे स्त्रीहार्मोन घटू लागल्यावर खरा बदल होतो तो चरबीच्या जागेत. एरवी मांड्या आणि नितंबांकडे साठणारी चरबी पोटाच्या आत, यकृत आणि आतड्यांभोवती साठू लागते आणि त्याच सुमारास स्नायू झिजायला लागतात. अमेरिकेत १९९६ पासून चाललेल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात असे आढळले, की रजोनिवृत्तीच्या संक्रमणात चरबी वाढण्याचा वेग दुप्पट होतो, स्नायू घटतात, आणि शेवटच्या पाळीनंतर सुमारे दोन वर्षांनी हा वेग थांबतो. वजनाचा आलेख मात्र त्या काळात वेगळे काही दाखवत नाही, कारण एकीकडे वाढलेली चरबी आणि दुसरीकडे गेलेले स्नायू काट्यावर एकमेकांना झाकून टाकतात.

म्हणून काट्याबरोबर शिंप्याचा टेप हाती घ्या, असे मी आग्रहाने सांगते. भारतीय स्त्रीसाठी कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत असावा, असे मानले जाते. आपल्याकडे ही काळजी अधिकच घ्यावी लागते, कारण वरून सडसडीत दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही चरबी पुष्कळ असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के होती.

माझी चूक सांगते. मी रात्रीचे जेवण सोडले आणि सहा महिन्यांत चार किलो वजन उतरवले. सगळ्यांनी कौतुक केले, पण हळदीकुंकवाला सतरंजीवर मांडी घालून बसले, तर हात टेकल्याशिवाय उठता येईना, आणि कमरेचा घेर जेमतेम अर्धा इंच कमी झालेला. उपाशी राहून मी चरबीबरोबर स्नायूही घालवले होते. स्नायू असले की बसल्या बसल्या भरपूर कॅलरी जळतात, असे जे सांगतात, ते अतिशयोक्त आहे. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण १३ कॅलरीच वापरतो. त्यांचे खरे मोल असे, की जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. ते कमी झाले की इन्शुलिनला जास्त राबावे लागते.

तेव्हा चालणे सोडू नका, पण आठवड्यातून दोन दिवस तरी वजन उचलण्याचा किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम जोडा. मी खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठण्या-बसण्यापासून सुरुवात केली होती. गुडघे किंवा पाठ दुखत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडून आधी शिकून घ्या. ताटात प्रथिने वाढवा. दर किलो वजनामागे दिवसाला किमान ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि पोहे, भात, पोळी व पातळ वरणावर ती भरून निघणे अवघड जाते. मोडाची मटकी, अंडी, पनीर, सोयाबीन, घट्ट डाळ यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत आणि न्याहारीत असू द्या. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, एवढे ध्यानात ठेवा.

झोपेबद्दल तुम्ही काहीच लिहिले नाही. मला रात्री तीन वाजता घाम फुटून जाग यायची, पंखा पाचवर करून छताकडे पाहत पडायचे, आणि सकाळी त्या थकव्यावर गोड चहाचे दोन कप आणि चार खारी. ‘पूर्वीइतकेच खाते’ असे मीही शपथेवर सांगितले असते, पण आठवडाभर वहीत लिहिल्यावर ही खारी सापडली. असे होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोला. हार्मोन्सचे उपचार वजन उतरवण्यासाठी नसतात, पण घाम आणि निद्रानाशावर ते उपयोगी पडतात, आणि ते तुम्हाला योग्य आहेत की नाहीत, हे तुमचा पूर्वेतिहास पाहून डॉक्टरच ठरवतील.

याच भेटीत तीन महिन्यांची सरासरी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. आणखी एक. रजोनिवृत्तीनंतर चरबीतूनही थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते आणि ते गर्भाशयाच्या अस्तराला वाढवू शकते. त्यामुळे पुढे सलग वर्षभर पाळी न आल्यावर रक्ताचा डाग जरी दिसला, तरी ‘गेलेली पाळी परत आली’ म्हणून वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा.