चाळीस फुटी कंटेनर अरुंद गल्लीत उलटा कसा घालतात?

तुम्ही विचारलंय की भिवंडीच्या गोदामांच्या गल्लीत ४० फुटी कंटेनरचा ट्रेलर उलटा आत कसा घालतात आणि ड्रायव्हरला मागचं दिसतं तरी कसं. न्हावा-शेवा बंदरातून डबे, म्हणजे कंटेनर, उचलायचे आणि भिवंडी, चाकण, कळंबोलीला पोचवायचे, हेच काम मी १४ वर्षं करतोय. म्हणून सांगतो: दिसत नाही. निदान अर्धं तरी दिसत नाही. ते धरूनच गाडी लावायची असते.

गाडीचे दोन भाग. पुढचा केबिन-इंजिनचा, त्याला आम्ही घोडा म्हणतो. मागे ट्रेलर. दोन्ही एकाच किंगपिनवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालच्या जाड पिनवर, जोडलेले. उलटं जाताना स्टेअरिंग डावीकडे काटलं की घोड्याचं बूड डावीकडे सरकतं, पिन डावीकडे ढकलली जाते आणि ट्रेलरची शेपटी उजवीकडे निघते. नवशिक्याच्या हे डोक्यात बसतं, हातात बसत नाही. माझ्या उस्तादानं एक युक्ती दिली होती. स्टेअरिंग वरून धरू नकोस, खालून धर, घड्याळात सहा वाजतात तिथं. आता हात ज्या बाजूला नेशील त्या बाजूला शेपटी जाईल. आठवडाभरात उलटसुलट विचार करायची गरज उरली नाही.

लांब गाडी जास्त अवघड असा सगळ्यांचा समज आहे. खरं म्हणजे आखूड गाडी जास्त छळते. मी वाळवा तालुक्यातला, हात बसला तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. आमच्या भागात यात्रेला ट्रॉलीसकट ट्रॅक्टर उलटा पळवायच्या स्पर्धा लागतात, त्या बघा कधी. ट्रॉली आखूड, त्यामुळे हात जरा चुकला की लगेच वाकडी होते. ४० फुटी सावकाश वळतो, चूक सुधारायला वेळ देतो. मात्र उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागं एक लावलेल्या असल्या तर नाव काढू नका. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा एक्सलही फिरतो, म्हणजे एका ट्रॉलीला दोन सांधे, दोघींचे मिळून चार. ती मागं घ्यायच्या भानगडीत शहाणा माणूस पडत नाही, एक ट्रॉली सोडून येतो.

आता गल्ली. समजा रस्ता ३० फुटी आहे आणि गोदामाचं गेट उजव्या हाताला. हे नशीबच समजा, कारण आपण उजवीकडे बसतो. शेपटी उजवीकडे वळली की उजव्या आरशात ट्रेलरची अख्खी बाजू आणि मागची चाकं दिसत राहतात. गेट डावीकडे असेल तर उजव्या आरशात नुसता रस्ता दिसतो आणि ट्रेलर डाव्या बाजूला, नजरेआड जातो. म्हणून डाव्या हाताचं गेट असलं की मी आधी चौकशी करतो, गल्लीच्या दुसऱ्या टोकानं येता येतं का. दोन किलोमीटरचा फेरा पडला तरी चालेल, गेट उजव्या हाताला आलं पाहिजे.

खरं काम रिव्हर्स गिअर टाकायच्या आधीच होतं. गेटच्या बाजूनं चिकटून पुढं जायचं, गेट ओलांडलं की घोडा डावीकडे तोडायचा आणि थोडं पुढं जाऊन थांबायचं. गाडी तिरकी उभी राहते आणि शेपटी आपोआप गेटकडे बघायला लागते. हे नीट जमलं तर मागं जाताना स्टेअरिंगला फार काम नसतं. थोडं डावीकडे काटून ट्रेलर वाकवायचा, तो वळायला लागला की स्टेअरिंग उजवीकडे घेऊन घोडा त्याच्या मागोमाग सरळ करायचा. हे दुसरं काटणं उशिरा झालं की घात होतो. माझ्या पहिल्याच वर्षी झाला. ट्रेलर इतका वाकला की डब्याचा कोपरा केबिनच्या पाठीला टेकला आणि हवेचा पाईप तुटला. हवा गेली की ट्रेलरचे ब्रेक आपोआप जाम होतात. भर दुपारी, भरलेला डबा, अख्खी गल्ली बंद. दोन तासांत भिवंडीत जेवढ्या शिव्या आहेत तेवढ्या ऐकून झाल्या.

तेव्हापासून दोनदा, तीनदा पुढं घ्यायला मला लाज वाटत नाही. तिरकं जातंय असं वाटलं की थांबायचं, पुढं जाऊन सरळ करायचं, परत यायचं. बघणारे हसतात. हसू देत. पण जागच्या जागी फार वळवायचं नाही, मागं तीन एक्सल, १२ टायर, ते डांबरावर नुसते घासत जातात आणि मालक टायर बघूनच ओळखतो.

सांगायला खाली एकच माणूस हवा. आमचा क्लीनर, म्हणजे आमच्या बोलण्यात किन्नर. गोदामात मात्र वॉचमन, दोन हमाल आणि चहावाला पोऱ्या, सगळेच ‘येऊ दे, येऊ दे’ करत असतात. मी सगळ्यांना गप्प करतो. किन्नर आरशात दिसला नाही की ब्रेक. डब्यावर एक थाप पडली तरी ब्रेक. आणि शंका आली की स्वतः खाली उतरून बघायचं. मागच्या चाकाखाली येणारी गटारावरची फरशी वजन पेलेल का, हे आरसा सांगत नाही. कॅमेराही सांगत नाही. काही गाड्यांना असतो, पण पावसाळ्यात त्यावर चिखलाचा थर असतो.

वर बघायला सगळे विसरतात. हायक्यूब, म्हणजे जादा उंचीचा डबा साडेनऊ फूट उंच, त्याखाली ट्रेलर पाचेक फूट, म्हणजे जमिनीपासून १४ फुटांच्या वर. एकदा चाकं बरोबर गेटच्या मधोमध होती, खाली चौघं समाधानानं माना डोलवत होते आणि वर डब्यानं गोदामाची पत्र्याची छपरी दुमडून टाकली.

फार मोठ्या मालाला वेळ किती लागतो याचा अंदाज हवा असेल तर ७४ चाकांची ती गाडी आठवा. जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून अवकाश केंद्राचं यंत्र घेऊन निघाली आणि तिरुवनंतपुरमला पोचली जुलै २०२० मध्ये. त्यापुढं गल्ली अडवलेले माझे दोन तास काहीच नाहीत.

बाईकवर असाल तर एवढं लक्षात ठेवा: ट्रेलर डावीकडे वळायच्या आधी नाक उजवीकडे काढतो, कारण मागची चाकं आतून कापत येतात. डावीकडे मोकळी दिसणारी जागा ट्रेलरची असते. तिथं घुसू नका.

आणि भिवंडीत परत गेलात तर गोदामाच्या गेटसमोरची भिंत बघा. घोडा सरळ करताना नाक त्या बाजूला झेपावतं. कमरेच्या उंचीवर बंपरांनी घासून केलेला पट्टा असतो, सगळ्या रंगांचा. त्यावरून कळतं किती पुढं गेलं तर चालतं. पूर्णा गावाकडच्या एका भिंतीवर त्यात एक निळा ओरखडा आहे, तो माझा.