व्हेनम खलनायकाचा नायक कधी झाला? वाचायला सुरुवात कुठून करू?

व्हेनम सुधारला-बिधारला काही नाही. स्पायडर-मॅनचा हा शत्रू खपत होता म्हणून मार्व्हल या कॉमिक्स कंपनीने त्याला बढती दिली.

मे १९८८ मध्ये ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या ३०० व्या अंकात एडी ब्रॉक पुरता समोर आला; परग्रहावरचा काळा जीव अंगाला चिकटून व्हेनम झालेला हा पत्रकार. लेखन डेव्हिड मिशेलिनीचं, चित्रं टॉड मॅकफार्लेनची. ब्रॉकचं रडगाणं काय, तर त्याने भलत्याच माणसाला खुनी ठरवून बातमी छापली, स्पायडर-मॅनने खरा खुनी पकडला आणि याची नोकरी गेली. यात स्पायडर-मॅनचा काय दोष? पण त्यामुळेच तो झकास खलनायक होता. तोंडाने ‘निष्पापांचा रक्षक’ म्हणवायचं आणि व्हॉल्ट नावाच्या तुरुंगातून पळताना पहारेकऱ्याचा जीव घ्यायचा!

मग १९९२ मध्ये कार्नेज हा नवा खलनायक आणला. तो इतका नीच की त्याला आवरायला खुद्द स्पायडर-मॅन व्हेनमची मदत मागतो. शेजारी त्याहून वाईट कुणी उभा केला की कुणीही सज्जन दिसतं. ३७५ व्या अंकात दोघांचा समेट, आणि १९९३ मध्ये ‘लीथल प्रोटेक्टर’ ही व्हेनमची स्वतःची सहा अंकांची मालिका. स्वारी सॅन फ्रान्सिस्कोत जाऊन जमिनीखाली राहणाऱ्या बेघरांची राखण करू लागली.

ही मालिका मी फोर्टच्या फूटपाथवरून जुन्यात घेतली होती. दिवाळीला आजोळी नेली आणि तिच्यावरून मामेभावाशी जुंपली. त्या मेलेल्या पहारेकऱ्याचा बाप, ऑरवेल टेलर, याच मालिकेत चिलखती माणसं जमवून व्हेनमच्या मागे लागतो. मी म्हटलं, याची बाजू खरी आहे. तर हा म्हणतो, “गार्ड काय रे, ते मरायलाच असतात.” माझे वडील तेव्हा एका गोदामावर रात्रपाळीला वॉचमन होते, आणि ते त्याला ठाऊक होतं. मी विचारलं, पोरगा गेलेला बाप खलनायक आणि मारणारा रक्षक, हे कुठल्या हिशोबात बसतं? “तू गोष्टीची मजा घालवतोस.” आवाज चढले. शेवटी मामी आली, “चित्रांच्या पुस्तकावरून काय भांडताय घोड्यांनो, चकल्या संपवा आधी.” चकल्या संपल्या, भांडण नाही. २०१८ चा सिनेमा आला तेव्हा त्याचा मेसेज, “बघ, झाला ना हिरो?” त्या सिनेमात स्पायडर-मॅनच नाही! मग जुना हिशोब मागणार कोण?

खलनायकाला माणूसपण द्यायला माझी ना नाही. पण मेलेल्यांची नावं पुसून दिलेलं माणूसपण फुकटचं असतं. निदान मिशेलिनीने टेलरला कथेत आणलं तरी; वाचणाऱ्यांनीच त्याला पात्र म्हणून मोजलं नाही.

हां, एक सांगायचं राहिलं. हे सगळं ब्रॉकबद्दल. २०११ मध्ये फ्लॅश थॉम्पसन व्हेनम झाला, ते प्रकरण निराळं. शाळेत पीटरला (म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडर-मॅनला) छळणारा, पुढे युद्धात पाय गमावलेला हा माणूस खरोखर बदलतो, आणि बदलताना धडपडतो. तुम्हाला ‘सुधारलेला’ व्हेनम हवा असेल तर तो घ्या.

ब्रॉकच हवा असेल तर ३००, मग ३१५ पासूनचे दोन-तीन अंक, मग ३७५ आणि ‘लीथल प्रोटेक्टर’. टेलरची पानं भराभर उलटू नका. वाचूनही तुमचं मत माझ्या मामेभावासारखंच झालं, तर मला कळवायची तसदी घेऊ नका.